प्रतिमेनंतरचे वाक्य : क्रिस मार्करची माध्यमांतरे

क्रिस मार्कर (१९२१-२०१२) या फ्रेंच कलावंताच्या कारकिर्दीचा आढावा घेताना चित्रपटसमीक्षा बहुधा माध्यमांची यादी देऊन थांबते : अनुबोधपट, स्थिरचित्रांतून सांगितलेली कथा, दूरदर्शन मालिका, व्हिडिओ, मांडणशिल्प, सीडी-रॉम आणि अखेरीस संगणकावरील आभासी जगातले एक संग्रहालय. अशी यादी दिली की 'प्रयोगशील' हे विशेषण आपोआप सिद्ध झाल्यासारखे वाटते आणि माध्यम बदलणे म्हणजेच प्रयोग करणे, असा समज दृढ होतो. हा समज मार्करच्या बाबतीत तरी अपुरा आहे. माध्यमे बदलत गेली, तरी चित्राच्या मागून येणारे आणि चित्राचा अर्थ पुन्हा तपासणारे निवेदनाचे वाक्य हा एक घटक त्याच्या उत्तम कलाकृतींत पन्नास वर्षे टिकून राहिला. जेथे तो सुटला, तेथे कलाकृती तंत्रदृष्ट्या कितीही नवी असली तरी दुबळी झाली. मार्करचा अभ्यास साहित्यविचाराच्या कक्षेत येतो तो या कारणाने. निवेदक, संबोधन, कालक्रम या ज्या संकल्पना कथात्म साहित्याच्या संदर्भात वापरल्या जातात, त्यांची कसोटी येथे निराळ्या द्रव्यावर लागते.

मुळात तो लेखक होता. त्याचे खरे नाव क्रिस्तियाँ बूश-व्हिलनव. तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि युद्धकाळातील प्रतिकार चळवळीतला सहभाग यांनंतर तो 'एस्प्री' या नियतकालिकात कविता, टिपणे, परीक्षणे लिहू लागला. १९४९ साली त्याची कादंबरी आली, १९५२ साली जाँ जिरोदू या नाटककारावरील पुस्तक आले आणि १९५४ पासून सय या प्रकाशनसंस्थेसाठी त्याने 'पतीत प्लानेत' ही देशोदेशींची ओळख करून देणारी पुस्तकमाला संपादित केली. मजकूर आणि छायाचित्र एका पानावर कसे मांडावे, याचे शिक्षण त्याला स्टुडिओत नव्हे, तर मुद्रिते तपासताना मिळाले. आपल्या अनुबोधपटांची निवेदने त्याने पुढे १९६१ आणि १९६७ मध्ये दोन खंडांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. निवेदन म्हणजे चित्राखालची ओळ, अशी ज्याची धारणा असेल तो असे करणार नाही.

आलाँ रेनेसह केलेला 'पुतळेही मरतात' (१९५३) हा आफ्रिकी शिल्पाविषयीचा लघुपट वसाहतवादावरील टीकेमुळे फ्रान्समध्ये अनेक वर्षे मूळ स्वरूपात दाखवता आला नाही. त्यानंतर आला तो 'सायबेरियातून पत्र' (१९५८). या अनुबोधपटातील एक प्रसंग आज पाठ्यपुस्तकी उदाहरण झाला आहे. तरीही त्याच्याकडे पुन्हा पाहायला हवे, कारण त्याचा उल्लेख करणारे बहुतेक जण त्याच्या मध्यावरच थांबतात. याकुत्स्क शहरातील एका रस्त्यावरची काही दृश्ये आहेत : एक बस, तिच्याजवळून जाणारी मोटारगाडी, रस्त्याचे काम करणारे मजूर, कॅमेऱ्यासमोरून जाणारा एक स्थानिक माणूस. हीच दृश्ये तीनदा दाखवली जातात. पहिल्यांदा निवेदन सोव्हिएत व्यवस्थेचे गुणगान करते, दुसऱ्यांदा तिचा धिक्कार करते, तिसऱ्यांदा तटस्थपणे वर्णन करते. बस तीच, मजूर तेच, रस्ता तोच. आणि अर्थ तीन. चित्राला स्वतःचा अर्थ नसतो, शब्द तो लादतात, असा निष्कर्ष येथून काढला जातो. परंतु मार्करचा रोख तेवढाच नाही. तिसरे, वस्तुनिष्ठ भासणारे निवेदनही त्याला मान्य नाही. चालत्या, बदलत्या वास्तवाला निर्णयापुरते थांबवून धरणे हेदेखील त्याला विकृतीकरणच वाटते. म्हणजे प्रचार आणि निंदा यांच्यावर तटस्थतेचा उतारा त्याने सुचवलेला नाही. मग उरते काय? उरतो तो क्रम. एकच दृश्य तीनदा पाहिलेला प्रेक्षक तिसऱ्या वेळी पहिल्या वेळचा प्रेक्षक राहिलेला नसतो. हे ज्ञान तिन्हींपैकी कोणत्याही एका निवेदनात नाही, ते त्यांच्या एकामागोमाग येण्यात आहे.

आंद्रे बाझँ याने मृत्यूच्या वर्षीच, १९५८ मध्ये, या चित्रपटाचे जे परीक्षण लिहिले त्याला ऐतिहासिक महत्त्व आहे. चित्रपटाच्या साहाय्याने लिहिलेला निबंध असे त्याने या कृतीचे स्वरूप सांगितले. येथे मूळ द्रव्य बुद्धी, तिचे साक्षात साधन भाषा आणि प्रतिमेचे स्थान तिसरे, असा अनुक्रम त्याने लावला. दोन दृश्ये एकमेकांना जोडण्याऐवजी येथे संकलन कानाकडून डोळ्याकडे होते, हे त्याचे निरीक्षण आजही मोलाचे आहे. पुढे 'निबंधपट' ही संज्ञा रूढ झाली तिचे एक मूळ येथे आहे. मराठीत या संज्ञेची थोडी अडचण होते. 'निबंध' म्हटले की शालेय लेखनाची छाया पडते आणि 'ललित निबंध' म्हटले की आत्मपर, स्मरणरंजनात रमलेल्या गद्याची. मार्करचा निबंध यांपैकी कोणताच नव्हे. त्यात 'मी' आहे, पण तो स्वतःची हकीगत सांगण्यासाठी आलेला नाही. आपण पाहिलेल्या गोष्टीवर आपला किती अधिकार पोहोचतो, हे मोजण्यासाठी आलेला आहे.

मात्र बाझँने लावलेला अनुक्रम मार्करच्या पुढील कृतींना तसाच्या तसा लागू पडत नाही. 'ला जते' (१९६२) ही केवळ अठ्ठावीस मिनिटांची कृती जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांची बनलेली आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भुयारांत कैदी झालेला एक माणूस, लहानपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेल्या एका स्त्रीच्या चेहऱ्याची त्याची स्मृती, तिच्या आधारे त्याला भूतकाळात धाडणारे प्रयोगकर्ते आणि त्या स्मृतीच्या गाभ्याशी दडलेला स्वतःचाच मृत्यू, हे कथानक सुपरिचित आहे. टेरी गिलियमच्या 'ट्वेल्व्ह मंकीज' (१९९५) या चित्रपटाने ते आणखी दूरवर पोहोचवले. निवेदन तृतीयपुरुषी, कादंबरीच्या वळणाचे आहे. या सबंध कृतीत दृश्य एकदाच हलते : झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते. त्या क्षणी निवेदक बोलत नाही, पक्ष्यांचा कलकलाट तेवढा ऐकू येतो. शब्दाची मातब्बरी ज्याने इतकी मांडली, त्याला शब्द कोठे मागे घ्यावा याचेही भान होते, एवढे या एका क्षणाने सिद्ध होते. कारण जे अजून घडते आहे, त्याविषयी बोलायचे काय? निवेदन घडून गेलेल्याचे असते. कथेतील नायकालाही आपण लहानपणी काय पाहिले होते, याचा उलगडा अखेरच्या क्षणी होतो. तेव्हा तो उलगडा उच्चारण्याची सवड त्याला उरलेली नसते. ते काम निवेदकाकडे येते.

'ल जोली मे' (१९६३) या मे १९६२ मधील पॅरिसच्या चित्रणाचा येथे केवळ उल्लेख पुरे. अधिक महत्त्वाची ठरते ती १९६७-६८ मधील बेझाँसाँची घटना. तेथील रोदियासेता या कापडधंद्यातील कारखान्यात संप झाला. मारियो मारे याच्यासह मार्करने त्यावर 'लवकरच भेटू, अशी आशा' या अर्थाच्या शीर्षकाचा चित्रपट केला. तो कामगारांना दाखवला तेव्हा त्यांना तो पटला नाही. आपले चित्रण भावविवश झाले आहे, स्त्रियांना स्थान नाही, असे आक्षेप त्यांनी घेतले. मार्करने बचाव केला नाही. कामगारांचा खरा चित्रपट कामगारच करतील, या भूमिकेतून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी साधने व प्रशिक्षण पुरवले आणि कामगारांचे 'मेद्व्हेदकिन गट' उभे राहिले. १९३०च्या दशकात आगगाडीतून सोव्हिएत रशियाभर हिंडत चित्रपट करणाऱ्या अलेक्सांद्र मेद्व्हेदकिनचे नाव त्यांनी घेतले होते. या गटाच्या 'क्लास द लुत' (१९६९) या चित्रपटाच्या केंद्रस्थानी सुझान झेदे ही कामगार स्त्री आहे. मार्करच्या चित्रपटात ती नवऱ्याच्या शेजारी बसलेली, बिचकत बोलणारी गृहिणी होती. येथे ती घड्याळांच्या कारखान्यात संघटना उभारणारी कार्यकर्ती आहे. एका बाईचे दोन चित्रपटांतील हे दोन अवतार शेजारी ठेवले की निवेदकाच्या अधिकाराविषयीची चर्चा तात्त्विक राहत नाही. याकुत्स्कमध्ये मार्करने स्वतःच स्वतःला खोडले होते. बेझाँसाँमध्ये चित्रातली माणसे उठून त्याला खोडत होती.

याचा परिणाम त्याच्या निवेदनाच्या रचनेवर झाला, असे मानण्यास जागा आहे. 'ल फाँ द लेर ए रूज' (१९७७) हा १९६७ नंतरच्या दहा वर्षांतील डाव्या चळवळींचा प्रदीर्घ लेखाजोखा मार्करने लिहिला खरा, पण त्याचे निवेदन अनेक आवाजांत वाटून दिलेले आहे. त्यातील एक स्थळ या लेखाच्या दृष्टीने कळीचे आहे. मार्करने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकवर आपला पहिला दीर्घ अनुबोधपट केला होता. घोड्यावरून अडथळे पार करणारा चिलीचा एक स्वार त्यात टिपला गेला होता. तो सेसार मेंदोसा. १९७३ साली आयेंदे यांचे सरकार उलथून सत्तेवर आलेल्या चार लष्करी व पोलिसी अधिकाऱ्यांपैकी तो एक. आपण एका घोडेस्वाराचे चित्रण करीत आहोत असे वाटत होते, प्रत्यक्षात ते एका बंडखोर सेनानीचे होते. आपण काय चित्रित करतो आहोत हे आपल्याला कधीच ठाऊक नसते, असे निवेदन सांगते. चित्रफीत बदललेली नाही. उडी तीच, घोडा तोच. परंतु एकवीस वर्षांनी तिच्यात भर पडली आहे आणि ती भर दाखवता येत नाही, फक्त सांगता येते. छायाचित्र 'हे होते' याची साक्ष देते, असे रोलाँ बार्थने १९८० मध्ये मांडले. मार्करचे म्हणणे असे की 'हे काय होते' याची साक्ष छायाचित्र देऊच शकत नाही. ती नंतरच्या वाक्याने द्यावी लागते.

'साँ सोलेय' (१९८३) ही या विचाराची सर्वांत समृद्ध निष्पत्ती होय. तिची निवेदनव्यवस्था कथनमीमांसेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. सांदोर क्रास्ना नावाचा छायाचित्रणकार जपान, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, आइसलँड अशा ठिकाणांहून पत्रे पाठवतो. ही पत्रे आलेली एक अनाम स्त्री ती वाचून दाखवते, कधी जशीच्या तशी, कधी 'त्याने मला लिहिले' अशा परोक्ष कथनातून. क्रास्ना हे मार्करने निर्माण केलेले पात्र आहे. चित्रे विद्युत्-यंत्रातून काढून त्यांचे रंगीत, थरथरते आकार करणारा त्याचा जपानी मित्र हायाओ यामानेको हाही कल्पितच. 'मी'ला स्वतःचा आवाज नाही; त्याचे शब्द नेहमी दुसऱ्याच्या तोंडून, घटनेनंतर आणि पत्र पोहोचण्यास लागलेल्या काळानंतर येतात. पत्र या रूपाची निवड सायबेरियापासूनची आहे, पण तेथे पत्रलेखक स्वतः बोलत होता. येथे तो अनुपस्थित आहे. बेझाँसाँच्या अनुभवानंतर निवेदकाने आपली जागा किती सरकवली, हे या अंतरावरून मोजता येते.

या चित्रपटातील बिसाऊचा प्रसंग पाहावा. १९८० च्या आरंभीचा लष्करी समारंभ आहे. अध्यक्ष लुईस काब्राल एका सेनाधिकाऱ्याला पदोन्नती देत आहेत, आलिंगन देत आहेत. अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. पाहणारा म्हणेल, स्वातंत्र्ययुद्धातील सोबत्यांचा हा गहिवर. निवेदन आपल्याला काळात पुढे नेते : त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या अधिकाऱ्याने, मेजर नीनोने, काब्राल यांची सत्ता उलथली. ते अश्रू कृतज्ञतेचे नव्हते. मिळालेला मान पुरेसा वाटला नाही अशा माणसाच्या अपमानाचे होते, असे चित्रपट सुचवतो. येथे एक शंका घ्यायला हवी. बंडाच्या आधारे अश्रूंचा अर्थ ठरवणे हेदेखील याकुत्स्कच्या दुसऱ्या निवेदनासारखे नव्हे काय? माणूस त्या दिवशी खरोखरच गहिवरला असेल आणि नऊ महिन्यांनी त्याने बंड केले असेल; या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. मार्करच्या वाक्याचा डौल येथे त्याच्या शंकेवर मात करतो, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. नंतरचे ज्ञान मिळाले म्हणजे अंतिम ज्ञान मिळाले असे होत नाही, हे याच कलावंताने शिकवले आहे.

दुसरा प्रसंग प्राइया येथील बाजारातल्या स्त्रीचा. तिला कॅमेरा दिसला आहे, ती नजर चुकवते, पुन्हा वळते आणि अखेर सरळ कॅमेऱ्यात पाहते, ते एका सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरते, म्हणजे एका चित्रचौकटीपुरते. पाहणाऱ्याला पाहिले जाण्याचा हा क्षण मार्कर समतेचा क्षण मानतो. यावर उत्तर-वसाहतवादी अभ्यासकाचा आक्षेप उघड आहे : या स्त्रीला नाव नाही, वाणी नाही आणि तिच्या नजरेचे मोल ठरवणारा पुन्हा युरोपीय पत्रलेखकच. आक्षेप खरा आहे. तथापि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बिसाऊच्या कार्निव्हलचे चित्रण साना ना न्हादा या तेथील चित्रपटकाराचे आहे, अशी नोंद आहे आणि मार्करने त्या देशातील तरुण चित्रपटकारांना शिकवण्याचे काम केले होते, हेही त्याच पानावर लिहायला हवे. आक्षेप यामुळे मिटत नाही, पण त्याचा रोख नेमका होतो : दुसऱ्याच्या हाती कॅमेरा देणारा हा कलावंत दुसऱ्याच्या हाती निवेदन मात्र सहसा देत नाही.

चित्रपटाच्या प्रारंभी आइसलँडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या तीन मुलांचे, १९६५ सालचे एक लहानसे दृश्य आहे. सुखाची ही प्रतिमा दुसऱ्या कोणत्याही दृश्याशी जोडता आली नाही, म्हणून ती एकटी ठेवून तिच्यामागे काळा पडदा ठेवला, असे आपण ऐकतो. अखेरीस ते दृश्य परत येते आणि त्याला जोडून येते ते तेथेच, हेमाएय या बेटावर, १९७३ मध्ये झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचे, हारून ताझियेफ याने केलेले चित्रण. घरे राखेखाली गेली आहेत. जोड शेवटी मिळाली, पण ती संकलकाने शोधली नाही, काळाने पुरवली. हे जे पुनरागमन आहे त्याचा परिणाम त्यांच्यामधल्या दीड तासावर अवलंबून आहे. ही दोन दृश्ये शेजारी मांडली असती तर एक माहिती मिळाली असती, एवढेच.

आणि नेमके येथेच नव्वदीतील मार्करच्या बहुमाध्यमी कृतींविषयीचा प्रश्न उभा राहतो. १९९० मध्ये पाँपिदू केंद्रात त्याने 'झॅपिंग झोन' हे अनेक दूरचित्रवाणी संच व संगणक यांचे मांडणशिल्प उभे केले. १९९५ मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, अमेरिकेतील ओहायो राज्यात 'सायलेंट मूव्ही' साकारले. पाच पडद्यांचा मनोरा, त्यांवर मूकपटांची आठवण देणारी दृश्ये, मधल्या पडद्यावर शीर्षकपट्टिका आणि कोणत्या दृश्याशेजारी कोणते यावे याचा निर्णय संगणकाच्या यदृच्छेवर सोपवलेला. १९९७-९८ मध्ये 'इमेमोरी' ही सीडी-रॉम आली. स्मृतीचा नकाशा काढावा तसे तिचे विभाग आहेत : चित्रपट, युद्ध, प्रवास, कविता, छायाचित्र, संग्रहालय इत्यादी. वाचकाने वाटेल तेथून शिरावे, वाटेल तेथून फुटावे. वाट चुकल्यास गियोम हे मांजर मध्येच येऊन शेरे मारते. त्या दशकात जॉर्ज लँडो प्रभृती सिद्धांतकारांनी संगणकीय बहुवाट संहितेत उत्तर-संरचनावादाची मूर्त सिद्धी पाहिली. लेखकाचा मृत्यू आणि वाचकाचे स्वातंत्र्य या बार्थप्रणीत कल्पना यंत्राने प्रत्यक्षात आणल्या, असा तो उत्साह होता. 'इमेमोरी'चे स्वागत या उत्साहाच्या भरात झाले.

आज ती शांतपणे पाहिली, तर तिच्यातील सुटी पाने मोहक आहेत. प्रूस्तच्या मादलेन केकपासून हिचकॉकच्या मादलेन या नायिकेपर्यंत एका शब्दाच्या आधाराने झालेला प्रवास तर खास मार्करचाच आहे. परंतु जे 'साँ सोलेय'मध्ये तीन मुलांचे झाले, ते येथे कशाचेही होऊ शकत नाही. दृश्य परत येते ते वाचकाने कळ दाबल्यामुळे. मध्यंतरी काळ गेल्यामुळे नव्हे. क्रम वाचकाच्या हाती दिला की 'नंतर' नाहीसे होते आणि 'नंतर' नाहीसे झाले की मार्करच्या वाक्याची दुरुस्तीची शक्तीही जाते. ते वाक्य सुभाषित होऊन बसते. वाचकाला स्वातंत्र्य मिळाले, पण आधी चुकीचे वाटून घेण्याचा आणि मग ते सुधारून घेण्याचा अनुभव त्याला मुकावा लागला. याकुत्स्कची तीन निवेदने तीन कळांखाली ठेवली असती, तर बहुतेकांनी आपल्या मताची एकच कळ दाबली असती.

हे मार्करला दिसत नव्हते असे नाही. याच सुमारास त्याने 'लेव्हल फाइव्ह' (१९९७) केला आणि तो 'इमेमोरी'वरचा सर्वांत कठोर अभिप्राय म्हणून वाचता येतो. दिवंगत प्रियकराने अपुरा सोडलेला संगणकीय खेळ लॉरा पुरा करू पाहते. खेळ १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईचा आहे. आपल्या चालीने इतिहासाची दिशा बदलावी म्हणून ती धडपडते आणि यंत्र प्रत्येक वेळी नकार देते. ज्या लढाईत सामान्य नागरिकांना सामूहिक आत्मघात करायला लावण्यात आला, तिच्यात वाटा निवडण्याचे स्वातंत्र्य हा खेळ देत नाही. याच चित्रपटात जळत धावणाऱ्या एका माणसाचे युद्धचित्रण आहे. ते निरनिराळ्या युद्धांचे प्रतीक म्हणून अनेक अनुबोधपटांत वापरले गेले. मार्कर त्याला गुस्ताव्ह असे नाव देतो आणि सांगतो की मूळ चित्रफितीच्या अखेरीस तो उठतो. त्याचे उठणे कापून टाकल्यामुळे तो प्रतीक झाला. याकुत्स्कच्या रस्त्यापासून निघालेले निरीक्षण येथे अधिक गंभीर होते, कारण आता शब्दच खोटे बोलतात असे म्हणून सुटका नाही. कात्रीही बोलते. आणि ती काय बोलली हे सांगण्यासाठी मार्करला पुन्हा वाक्याकडेच यावे लागते.

'इमेमोरी' मॅकिंटॉश संगणकावर तयार झाली होती. नव्या यंत्रांवर तिची मूळ तबकडी चालत नाही. सोळा मिलिमीटरचे 'साँ सोलेय' अजून दाखवले जाते. त्यावरून गुणवत्तेचा निर्णय करणे अन्यायाचे होईल. पण स्मृतीसाठी म्हणून निवडलेले माध्यम स्मृतीला इतक्या लवकर दगा देते, ही विसंगती मार्करच्या विनोदबुद्धीला रुचली असती.

२००५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने 'आउल्स ॲट नून' या मालिकेचा पूर्वरंग सादर केला. एलियटच्या १९२५ सालच्या 'द हॉलो मेन' या कवितेशी संवाद साधणारी ही आठ पडद्यांची कृती पहिल्या महायुद्धातील जखमी चेहऱ्यांची छायाचित्रे वापरते. निवेदकाचा आवाज तिच्यात नाही. मात्र पडद्यांवरून शब्द सरकत जातात आणि ते कोणत्या क्रमाने सरकावेत हे या वेळी यदृच्छेवर सोडलेले नाही, की पाहणाऱ्याच्या हाती कळ दिलेली नाही. पाहणाऱ्याला उभे राहून थांबावे लागते. एकोणीस मिनिटांनी ती संपते आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होते.